निवाऱ्याची बैठक

हावडा म्हटले की परप्रांतीयाच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे उभी राहतात. एक हुगळीवरचा अजस्र पोलादी पूल आणि दुसरे त्या पुलाच्या पायथ्याशी असलेले गजबजलेले रेल्वे-स्थानक. मुंबईहून नागपूरमार्गे निघालेली गाडी याच स्थानकात विसावते आणि उतारू नदी ओलांडून कोलकात्यात शिरतो. हावडा हा एक जिल्हाही आहे, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. पूर्वेस हुगळी, पश्चिमेस रूपनारायण आणि मधून वाहणारा दामोदर अशा तीन प्रवाहांच्या कुशीत हा जिल्हा वसलेला आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेअठ्ठेचाळीस लाख भरली. शहरात तागाच्या गिरण्या, ओतशाळा आणि दाट वस्त्या. वायव्येकडे उदयनारायणपूर व आमता येथील सखल भातशेती. वरच्या अंगाला मैथन व पंचेत ही धरणे भरली आणि पाणी सोडणे भाग पडले, की ते याच सखल भागात पसरते. १९७८, २०२१ आणि २०२४ या सालांच्या पुरांची आठवण तेथील माणसे अजून काढतात.

पाणी गावात शिरू लागले म्हणजे माणसे गुरेढोरे, अंथरूण-पांघरूण आणि चुलीवरची भांडी घेऊन नदीच्या बांधावर चढतात. कोणी शाळेच्या वरच्या मजल्यावर आश्रय घेतात. पोटासाठी पोहे-चुरमुरे कोणी ना कोणी आणून देतो. परंतु पाऊस थांबलेला नसतो. त्या घटकेला माणसाला घर मिळणे शक्य नसते आणि तो ते मागतही नाही. त्याला हवा असतो ताडपत्रीचा एक तुकडा, चार बांबू आणि सुतळीचा गुंडा. लेकराबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना रात्र कोरड्यात काढता यावी, एवढीच त्याची मागणी असते.

ही ताडपत्री त्या बांधावर कोणत्या वाटेने येते, याचा विचार क्वचितच केला जातो. ती गोदामातून निघते, मालमोटारीत चढते, नावेतून उतरते, हे सर्वांना दिसते. मात्र या प्रवासाच्या आधी ती एका टेबलावरून गेलेली असते. त्या टेबलाभोवती शासनाचे अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी, अभियंते आणि देणगीदार बसलेले असतात. कोणत्या गावी कोणी जावयाचे हे तेथे ठरते. म्हणून त्या टेबलाशी कोणास बसता येते, कोणास बोलता येते आणि कोणाचे म्हणणे टिपून ठेवले जाते, हे प्रश्न वरकरणी कचेरीच्या शिष्टाचाराचे वाटले, तरी त्यांच्या उत्तरावर बांधावरील माणसाची रात्र अवलंबून असते.

मदतकार्यात दोन दोष फार जुने आहेत. एके ठिकाणी मदत दोनदा पोहोचते आणि दुसऱ्या ठिकाणी ती एकदाही पोहोचत नाही. हावडा जिल्ह्यातून मुंबईकडे जाणारा हमरस्ता उलुबेडिया व बागनान यांवरून जातो. स्थानिक लोक त्याला अजूनही बॉम्बे रोड म्हणतात. संकटकाळी मदतीच्या गाड्या स्वाभाविकपणे अशा रस्त्याने धावतात आणि रस्त्याकाठच्या गावी थांबतात. त्याच जिल्ह्यात आमता दुसऱ्या गटातील भाटोरा व घोडाबेडिया-चितनान ही गावे रूपनारायण व मुंडेश्वरी या नद्यांच्या वेढ्यात आहेत. बांबूचे सांकव हाच तेथील लोकांचा जुना आधार. पुरात सांकव वाहून गेला की नावेवाचून गत्यंतर नसते. समजा, दहा संस्था आपापल्या बुद्धीने निघाल्या, तर त्यांतील नऊ हमरस्त्यावर थांबतील आणि दहावी कदाचित नावेपर्यंत जाईल. यात कोणाचा दुष्टावा नाही. प्रत्येकीने चांगलेच काम केलेले असते. परंतु चांगल्या कामांची बेरीज चांगली होतेच, असे नाही. ती बेरीज नीट व्हावी यासाठीच बैठक भरवावयाची.

ही गोष्ट बंगालने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवली ती १९७१ साली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची संख्या १ डिसेंबर १९७१ च्या गणनेप्रमाणे ९८,९९,३०५ होती. त्यांपैकी ७२ लाखांहून अधिक एकट्या पश्चिम बंगालात होते आणि तेथे ४९२ छावण्या उभ्या होत्या. कलकत्त्याच्या वेशीवर माणसे सांडपाण्यासाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांतून संसार थाटून राहत होती. एवढा भार उचलण्यासाठी केंद्र शासनाच्या पुनर्वसन खात्याची एक शाखा कलकत्त्यास उघडण्यात आली आणि तिची सूत्रे कर्नल पी. एन. लुथरा यांच्याकडे सोपविण्यात आली. दिल्लीत मध्यवर्ती समन्वय समिती बसली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने मदतीचे सूत्र निर्वासितविषयक उच्चायुक्त प्रिन्स सदरुद्दीन आगा खान यांच्या कार्यालयाकडे देण्यात आले. एकाच कार्यालयाने सर्वांच्या वतीने बोलावे, ही पद्धत या प्रसंगाने रूढ होऊ लागली.

परंतु त्याच गणनेत एक दुसरा आकडाही आहे. पश्चिम बंगालातील निर्वासितांपैकी ४८ लाखांवर लोक छावण्यांत होते आणि जवळजवळ २४ लाख लोक नातलगांच्या किंवा परिचितांच्या घरी राहिले होते. छावणीला छावणीप्रमुख असतो. तो बैठकीला येतो आणि आपल्या छावणीची मागणी मांडतो. आत्याच्या पडवीत अंथरूण टाकलेल्या कुटुंबाचा प्रमुख कोण? त्या आत्याच्या घरावरील भार कोणी मांडावयाचा? ज्याचा प्रतिनिधी नाही, त्याची गरज यादीत येत नाही. निवाऱ्याच्या कोणत्याही बैठकीचा खरा कस येथेच लागतो.

पुढे १९७८ साली पश्चिम बंगालात जून महिन्यात त्रिस्तरीय पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि सप्टेंबरात मोठा पूर आला. नव्याने निवडून आलेल्या, कामकाजाचा अनुभव नसलेल्या सभासदांवर मदतीचे व नंतर पुनर्बांधणीचे काम येऊन पडले. त्यांना नियमावली पाठ नव्हती. पण कोणाची भिंत पडली आणि कोणाची उभी आहे हे मात्र ठाऊक होते. जिल्ह्याच्या कचेरीतील ज्ञान आणि गावातील ज्ञान ही दोन वेगळी ज्ञाने आहेत आणि बैठकीत ती दोन्ही हजर पाहिजेत, हा त्या वर्षाचा धडा होय.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रात हा धडा नियमाच्या रूपाने यावयास २००५ साल उजाडले. २००४ च्या त्सुनामीनंतर शेकडो संस्था किनाऱ्या-किनाऱ्यावर धावल्या आणि त्यांच्या कामांचा मेळ बसविणे कठीण झाले. तेव्हा मदतीच्या एकेका विषयासाठी एकेक गट नेमावा आणि त्याची जबाबदारी एका ठरावीक संस्थेवर टाकावी, असे ठरले. पाणी, आरोग्य, पोषण यांप्रमाणेच निवारा हाही एक विषय झाला. युद्ध व यादवीतील निवाऱ्याचे सूत्र निर्वासितविषयक उच्चायुक्तांकडे आणि नैसर्गिक आपत्तीतील निवाऱ्याचे सूत्र रेड क्रॉस व रेड क्रेसेंट संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे आले. ऑक्टोबर २००५ मधील पाकिस्तानच्या भूकंपात ही पद्धत प्रथम वापरली गेली. महासंघाने आपल्यासाठी 'निमंत्रक' हा शब्द पसंत केला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. निमंत्रक हुकूम देत नाही, तो बोलावतो. अशा गटाच्या समन्वयकाला कोणत्याही संस्थेला आज्ञा करण्याचा अधिकार नसतो. जेथे अधिकार नाही तेथे शिस्त केवळ संमतीतून येते आणि संमती टिकावयाची तर बैठकीचे नियम सर्वांना आधी ठाऊक पाहिजेत.

भारतातील व्यवस्था याहून निराळी आहे. येथे सूत्र शासनाच्या हाती असते आणि त्याला २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचा आधार आहे. या अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते आणि त्याचे सभासद सातांहून अधिक असत नाहीत. जिल्हाधिकारी हा त्याचा अध्यक्ष. बंगालीत त्याला जिल्हाशासक म्हणतात. जिल्हा परिषदेचा निर्वाचित प्रमुख हा सहअध्यक्ष. पश्चिम बंगालात त्याचे पद सभाधिपती या नावाने ओळखले जाते. पोलीस अधीक्षक व जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी हेही त्यात असतात. अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांना एकाच बाकावर बसविण्याची ही योजना विचारपूर्वक केलेली आहे. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणाचीही तरतूद झाली. हावड्यासारख्या, शहर आणि खेडी जवळजवळ असलेल्या जिल्ह्यात तिचे महत्त्व उघड आहे.

मात्र या सात जणांत स्वयंसेवी संस्थेला किंवा आपद्ग्रस्ताला जागा नाही. त्यासाठी अधिनियमाने सल्लागार समित्या नेमण्याची मुभा ठेवली आहे आणि बिगर-सरकारी संस्थांचा सहभाग मिळविण्याचे कर्तव्य प्राधिकरणावर टाकले आहे. म्हणजे निर्णयाचे टेबल लहान आणि सल्ल्याचे टेबल मोठे, अशी ही रचना आहे. लहान टेबलावर गती राहते, मोठ्या टेबलावर माहिती गोळा होते. दोहोंमध्ये वाट मोकळी असेल तर रचना उत्तम. ती वाट बुजली तर मोठे टेबल केवळ चहापानापुरते उरते.

आता नियमांकडे वळू. पहिला नियम प्रवेशाचा. निवारा-गटाची बैठक सामान्यतः त्या विषयात काम करणाऱ्या सर्व संस्थांना खुली असते, मग ती संस्था मोठी असो वा लहान, परदेशी असो वा गावातील. प्रवेश खुला असला तरी तो फुकटचा नाही. जो येईल त्याने काही बंधने पत्करली, असे समजले जाते. मदत देताना धर्म, जात किंवा पक्ष पाहावयाचा नाही. आपल्या कामाची माहिती लपवावयाची नाही. ठरलेल्या आराखड्यात आपला वाटा उचलावयाचा. आणि मदतीमुळे कोणाच्या जिवाला अथवा अब्रूला धोका पोहोचणार नाही याची काळजी घ्यावयाची. काही संस्था आपले स्वातंत्र्य राखण्यासाठी निरीक्षक म्हणूनच बसणे पसंत करतात. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ती माहिती देते व घेते. परंतु गटाच्या निर्णयाने बांधली जात नाही. निरीक्षक कोण आणि सभासद कोण, हे बैठकीच्या आरंभीच स्पष्ट असले म्हणजे मागाहून गैरसमज होत नाहीत.

दुसरा नियम प्रतिनिधीचा. एका संस्थेचा आवाज एक. सोबत चार माणसे आली तरी मत एकाचेच धरावयाचे. नाहीतर ज्या संस्थेकडे माणसे अधिक तिचेच म्हणणे खरे ठरू लागते. शिवाय तो प्रतिनिधी शब्द देण्यास समर्थ पाहिजे. 'वरिष्ठांना विचारून सांगतो' असे प्रत्येक वेळी म्हणणारा माणूस बैठकीला आला काय आणि न आला काय, सारखेच. शक्यतो तोच माणूस प्रत्येक बैठकीला यावा. दर वेळी नवा चेहरा आला तर दर वेळी मागील गोष्टी पहिल्यापासून सांगाव्या लागतात आणि बांधावर बसलेल्याचा एक दिवस त्यात खर्ची पडतो.

तिसरा नियम पूर्वतयारीचा. बैठकीस येण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने चार प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावयाची: कोण, काय, कोठे आणि केव्हा. कोणती संस्था, कोणती वस्तू, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी. ही चार उत्तरे एका तक्त्यात मांडली की दोनदा भरलेली गावे आणि मोकळी राहिलेली गावे आपोआप डोळ्यांत भरतात. ज्या बैठकीत हा तक्ता आधीच वाटला जातो ती तासाभरात संपते. जेथे तो नसतो तेथे प्रत्येक जण आपल्या संस्थेचे गुणगान करतो आणि संध्याकाळ होते. वस्तूंच्या मापाचाही प्रश्न याच वेळी सोडवावयाचा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या किमान मानकांत मदत-छावणीतील प्रत्येक माणसामागे साडेतीन चौरस मीटर जागा सांगितली आहे. एका संस्थेने या मापाने जागा द्यावी आणि दुसरीने निम्मीच द्यावी, असे एकाच जिल्ह्यात घडू नये.

चौथा नियम निर्णयाचा. सर्वांच्या सभेत तपशील ठरत नाहीत. म्हणून मोठ्या सभेने पाच-दहा जणांची सल्लागार समिती निवडावी आणि बांबूची जाडी, छपराची बांधणी, नदीकाठच्या जमिनीचा पाया अशा तांत्रिक बाबींसाठी जाणकारांचे छोटे गट करावेत, ही रूढ पद्धत आहे. निर्णय शक्यतो एकमताने घ्यावयाचे. निधीवाटपाची चर्चा चालू असता ज्या संस्थेचा प्रस्ताव विचाराधीन असेल तिच्या प्रतिनिधीने तेवढा वेळ बाहेर बसावे, हा संकेत पाळला गेला तर पुष्कळ कटुता टळते.

पाचवा नियम इतिवृत्ताचा. कोण हजर होते, काय ठरले, ते कोणी करावयाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. या साध्या कागदाचे मोल वाद उत्पन्न झाल्यावर कळते. सप्टेंबर २०२४ मध्ये दामोदराच्या खालच्या खोऱ्यात पूर आला तेव्हा धरणांतून पाणी एकतर्फी सोडले गेले, असे राज्य शासनाने म्हटले. राज्याच्या प्रतिनिधींना वेळोवेळी कळविले होते, असे केंद्राचे म्हणणे पडले. पुढे राज्याने त्या पाण्याचे नियमन करणाऱ्या समितीतून आपला प्रतिनिधी काढून घेतला. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा येथे प्रश्न नाही. बोध एवढाच की 'हजर होता', 'कळविले होते' आणि 'संमती दिली होती' या तीन भिन्न गोष्टी आहेत आणि इतिवृत्तात त्या भिन्नच नोंदल्या गेल्या पाहिजेत. दुसरा बोध असा की खुर्ची सोडून जाणे हा निषेधाचा मार्ग असला, तरी पाणी त्या रिकाम्या खुर्चीसाठी थांबत नाही.

सहावा नियम भाषेचा, आणि तो सर्वांत अधिक मोडला जातो. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला. मदतकार्याच्या बैठका राजधानीतील विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या तळावर भरत आणि त्यांत इंग्रजी चाले. देशाची भाषा क्रेओल व फ्रेंच. तळावर प्रवेश मिळविणेच स्थानिक संस्थांना कठीण. मिळालाच तर चर्चा समजणे कठीण. ज्यांचा देश, ज्यांची पडलेली घरे, तेच बाहेर राहिले. पुढे आंतरराष्ट्रीय संस्थांनी सहभागाच्या किमान बंधनांची जी यादी केली, तिच्यात स्थानिक संस्थांना समजेल अशा भाषेत दुभाष्याची सोय असावी, असे स्पष्ट लिहिले गेले. हावड्याची गोष्ट या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. खेड्यात बंगाली, गिरण्यांच्या वस्त्यांत मात्र पिढ्यान्पिढ्या राहिलेले हिंदी व उर्दू बोलणारे कामगार, आणि कचेरीच्या कागदांवर इंग्रजी. जी बैठक यांतील एकाच भाषेत चालते, ती इतरांच्या बाबतीत बंद दाराआड चालल्यासारखीच होय.

येथवरचे नियम देणाऱ्यांसाठी झाले. घेणाऱ्यांचे काय? या प्रश्नाशी येताच एक खरी अडचण उभी राहते. बैठकीला शिस्त यावी म्हणून पुष्कळ ठिकाणी असा नियम करतात की लागोपाठ काही बैठकांना गैरहजर राहील त्याचे नाव यादीतून कमी होईल. नियम वाजवी दिसतो. मोठ्या संस्थेला तो जड नाही. तिच्यापाशी बैठकांसाठी वेगळा माणूस असतो. परंतु भाटोऱ्यासारख्या ठिकाणच्या महिला बचत गटाची जी एक चिटणीस, तीच तेथे तांदूळ मोजते, तीच म्हाताऱ्यांना नावेत चढविते आणि तिनेच जिल्ह्याच्या गावी बैठकीला यावयाचे. नाव मिळाली नाही, दिवस बुडाला, की तिची गैरहजेरी लागते. म्हणजे जे गाव सर्वांत अधिक अडचणीत, त्याचीच खुर्ची सर्वांत आधी रिकामी होते. आणि हे कोणाच्या मनात नसताना, केवळ नियमाने घडते.

याचे उत्तर नियम मोडण्यात नाही, नियमांची दोन अंगे वेगळी करण्यात आहे. उपस्थितीची सक्ती ही शब्द देणाऱ्यावर असावी, मागणी मांडणाऱ्यावर नसावी. ज्या संस्थेने अमुक गावाची जबाबदारी उचलली तिने हजर राहिलेच पाहिजे. न राहिल्यास ते गाव दुसऱ्या संस्थेकडे सोपवावे, कारण आश्वासन देऊन न येणे हे मुळीच आश्वासन न देण्याहून वाईट. उलट, आपद्ग्रस्तांच्या वतीने बोलणाऱ्याचा माहिती मिळण्याचा व म्हणणे मांडण्याचा हक्क गैरहजेरीने बुडू नये. त्याचा निरोप दूरध्वनीवरून आला तरी तो इतिवृत्तात घ्यावा. काही बैठका जिल्ह्याच्या ठिकाणी न भरविता बांधावर किंवा गावच्या शाळेत भरवाव्यात. वेळ अशी असावी की स्वयंपाकपाणी व मुलेबाळे सांभाळणाऱ्या स्त्रियांना येता येईल. कारण ताडपत्रीच्या आडोशाखाली अंघोळ कोठे करावयाची, रात्री दिवा कोठे लावावयाचा, हे प्रश्न पुरुषांच्या बैठकीत सहसा निघतच नाहीत.

हे केवळ सद्भावनेचे बोल नव्हेत. महाराष्ट्राने ते करून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली दडपली गेली. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. ज्या शेकडो गावांत घरे पुरती पडली नव्हती तेथे दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनीच करावयाचे होते. शासन आणि घरमालक यांच्यामध्ये दुवा म्हणून गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना साथ दिली. अनुदान कोणाचे अडले, सिमेंट कोठे पोहोचले नाही, कोपऱ्यात सळई बसविली की नाही, हे त्या स्त्रिया गावच्या सभेत बोलू लागल्या. ज्यांनी यापूर्वी सभेत तोंड उघडले नव्हते, त्यांच्याकडून अभियंत्यांना माहिती मिळू लागली.

याच्या उलट अनुभवही जवळचाच आहे. २० मे २०२० रोजी अंफान हे चक्रीवादळ सुंदरबनच्या किनाऱ्यावर धडकले आणि हावड्यासह दक्षिण बंगालातील अनेक जिल्ह्यांत घरे उद्ध्वस्त झाली. त्यातच कोविडची साथ चालू असल्याने आश्रयस्थानांत नेहमीइतकी माणसे ठेवणेही धोक्याचे होते. पूर्ण पडलेल्या घरासाठी राज्य शासनाने वीस हजार रुपये जाहीर केले. मदत त्वरित देण्याच्या ओघात याद्या झाल्या आणि त्यांत घर न पडलेल्यांची नावे शिरल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी उठल्या. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. अखेर डिसेंबर २०२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने महालेखापरीक्षकांकरवी तपासणी करण्याचा आदेश दिला. यादी गावाच्या उघड्या सभेत वाचून दाखविली जाते, तेव्हा तिच्यातील चूक पहिल्याच दिवशी सापडण्याचा संभव असतो. कारण शेजाऱ्याचे घर उभे आहे की पडले, हे सांगण्यास गावकऱ्यांना लेखापरीक्षक लागत नाही.

बैठकांनी वेळ जातो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. संकटाच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन-तीन सभा भरल्या तर काम करावयाचे केव्हा? म्हणून बैठकीची वेळ ठरलेली, कार्यक्रमपत्रिका आखूड आणि शेवट निश्चित असावा. प्रारंभी रोज भरणारी सभा काम मार्गी लागल्यावर आठवड्यातून एकदा आणि पुढे पंधरवड्यातून एकदा भरावी. ज्या सभेत काही ठरावयाचे नाही ती भरवूच नये. परंतु बैठक रद्द केल्याने दुबार मदत आणि चुकलेली गावे हे दोष नाहीसे होत नाहीत. ते नुसते दिसेनासे होतात.

अखेर बैठकीचे यश तिच्या हजेरीपटावरील सह्यांनी मोजावयाचे नाही. तो पट हाती घेऊन एक प्रश्न विचारावा: येथे ज्यांची सही नाही असे कोण? छावणीत न गेलेले, भाडेकरू म्हणून राहिलेले, नावेपलीकडचे, ज्यांची भाषा टेबलावर बोलली जात नाही ते. अशा प्रत्येकाच्या वतीने बोलण्याचे काम त्या दिवशी कोणी तरी अंगावर घेतले असेल आणि ते इतिवृत्तात लिहिले गेले असेल, तर ती बैठक खरी. दामोदराला पुन्हा पूर येईल. बांधावर पुन्हा माणसे चढतील. त्या रात्री त्यांच्या डोक्यावरील ताडपत्री कोरडी राहावी, याची तजवीज पाऊस सुरू होण्यापूर्वी, नियम शांतपणे ठरविता येतात तेव्हाच करावी लागते.